‘नाही’चे सहा अर्थ

ठाण्यातल्या बाळकुम नाक्यावर संध्याकाळी वाहनांची जी कोंडी होते तिच्यात अडकलेला एक टँकर परवा आमच्या गॅलरीतून अर्धा तास तरी दिसत होता. त्याच्या पाठीवरचे ‘हायली इन्फ्लेमेबल’ हे तांबड्या अक्षरांतले शब्द शेजारच्या सहावीतल्या मुलीने मोठ्याने वाचले आणि समाधानाने मला सांगितले, ‘आजोबा, काळजी नको. हा मुळीच पेटणार नाही. ‘इन’ लावलं की उलटा अर्थ होतो, टीचरनी कालच शिकवलंय.’ तिच्या वहीत करेक्टचे इनकरेक्ट, व्हिजिबलचे इनव्हिजिबल, पॉसिबलचे इम्पॉसिबल आणि लीगलचे इलीगल अशी जोड्यांची रांग लावलेली होती. त्या रांगेच्या न्यायाने तिचे अनुमान निर्दोष होते, आणि त्या निर्दोष अनुमानावर विसंबून कोणी टँकरशेजारी काडी ओढली असती तर नाक्यावर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

तिला समजावून सांगावे लागले की या शब्दातला ‘इन’ हा नकाराचा नव्हे, ‘आत’ या अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे. ‘इन्फ्लेम’ म्हणजे पेटवणे, आणि त्यावरून ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारे. लोकांची हीच फसगत होते हे ओळखून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या जाणकारांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच तो ‘इन’ काढून टाकून नुसते ‘फ्लेमेबल’ लिहावे असा आग्रह धरला. आपल्या रस्त्यांवर अजून जुनाच शब्द धावतो. बाळकुमात महापालिकेचे अग्निशमन केंद्र आहे. तिथल्या जवानांना ही व्युत्पत्ती कळली नाही तरी त्यांचे काही अडत नाही, पण रस्त्याने जाणाऱ्याचे अडू शकते. ‘ज्वालाग्राही’ या आपल्या शब्दात नकारही नाही आणि नकाराचा भासही नाही. तो टँकरवर लिहिला तर रंग थोडा अधिक लागेल, एवढेच.

मुलगी गेली आणि मी तिच्या वहीचाच विचार करत बसलो. नकारवाचक उपसर्गांच्या बाबतीत इंग्रजी ही मोठी लहरी भाषा आहे. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे बिनमोलाचे नव्हे, ज्याचे मोल करता येत नाही असे. ‘इनफेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, बदनाम. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असलाच पाहिजे, ‘अनइंटरेस्टेड’ मात्र असता कामा नये. कारण पहिल्याचा अर्थ ज्याचा त्या प्रकरणात स्वार्थ गुंतलेला नाही असा, आणि दुसऱ्याचा अर्थ ज्याला त्या प्रकरणात मुळी लक्षच घालायचे नाही असा. मराठीत आपण एकाला तटस्थ म्हणू आणि दुसऱ्याला बेपर्वा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचे इंग्रजी पोसले त्या पिढ्यांना निदान हे ठाऊक होते की शब्दाचा अर्थ वाक्यात पाहायचा असतो, जोड्यांच्या तक्त्यात नव्हे.

परंतु इंग्रजीला हसण्याचे कारण नाही, कारण हा घोटाळा आपल्या घरातही झालेला आहे आणि तो फार थोर लोकांनी केलेला आहे. वेदांत ‘असुर’ हा शब्द प्रारंभी वरुणासारख्या देवालाही लावलेला आढळतो. त्यातला ‘अ’ नकाराचा नव्हता. पुढे कोणाला तरी तो नकाराचा वाटला आणि जे असुर नव्हेत ते ‘सुर’, असा एक नवाच शब्द त्या चुकीतून जन्माला आला. ‘विधवा’ शब्दाचेही तेच. लॅटिनमधली ‘विदुआ’ आणि इंग्रजीतली ‘विडो’ या तिच्या सख्ख्या बहिणी आहेत, त्यांच्यात ‘वि’ हा उपसर्ग नाही. पण आपल्या पंडितांनी तो ‘वि’ तोडून काढला आणि उरलेल्या ‘धव’ला नवरा ठरवले. जगात नसलेला नवरा व्याकरणाने असा निर्माण केला! शेजारच्या मुलीने टँकरच्या बाबतीत केले ते याहून निराळे नाही. फरक इतकाच की तिची चूक कोशात गेली नाही.

गंमत अशी की इंग्रजीचा देशी ‘अन’, लॅटिनचा ‘इन’, ग्रीकचा ‘अ’ आणि आपला ‘अ’ किंवा ‘अन्’ हे चौघेही एकाच कुळातले आहेत. व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’, म्हणजे अधर्म पण अनाचार, ही पाणिनीने सूत्रबद्ध केलेली व्यवस्था ग्रीकमध्येही जशीच्या तशी आढळते. मात्र या नकाराचा अर्थ काय, या प्रश्नावर आपल्या वैयाकरणांनी जो विचार करून ठेवला आहे तितका सूक्ष्म विचार त्या शाळकरी तक्त्यात शोधून सापडायचा नाही. ते या नकाराला ‘नञ्’ म्हणतात आणि त्याचे अर्थ सहा सांगतात: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. एखादी वस्तू तिच्यासारखी दिसते पण ती नव्हे, हे सादृश्य. ती मुळीच नाही, हा अभाव. ती सोडून दुसरीच काही आहे, हे अन्यत्व. आहे पण थोडी आहे, ही अल्पता, जसे ‘अनुदरा कन्या’ म्हटले तर ती पोटावाचून जन्मलेली नव्हे, बारीक कमरेची. आहे पण नाव घेण्याच्या लायकीची नाही, ही अप्रशस्तता. आणि तिच्या थेट उलट आहे, तिची वैरी आहे, हा विरोध, जसा धर्माचा अधर्म. एका अक्षराच्या पोटात सहा निरनिराळे ‘नाही’ राहतात, आणि बोलणाऱ्याच्या मनात त्यांतला कोणता आहे हे ओळखण्याचे काम ऐकणाऱ्याकडे सोपवलेले असते.

मराठीने मात्र ते काम थोडे सोपे करून ठेवले, कारण संस्कृत उपसर्गांच्या जोडीला तिने फारसी-अरबीचे पुष्कळ उपसर्ग दरबारातून आणि कचेरीतून उचलले व ते इतके आपलेसे केले की राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत कित्येकांनी नामे बदलली तरी हे उपसर्ग जागचे हलले नाहीत. हजर राहणारा उपस्थित झाला, पण वर्गाच्या हजेरीपटावर न येणारा अजून गैरहजरच आहे. ‘ना’ने फारसीची सीमा केव्हाच ओलांडली: नापीक जमिनीतले पीक मराठी, आणि नापास झालेल्या मुलाचा ‘पास’ चक्क इंग्रजी. ‘बे’ म्हणजे ज्याला अमुक एक वस्तू उरलेली नाही तो, म्हणून बेवारस, बेपत्ता, बेदखल. यात एक प्रकारची दैन्याची छटा आहे. ‘बिन’ हा त्या मानाने निर्विकार आहे, बिनव्याजी आणि बिनपगारी यांत तक्रारही नाही आणि दयाही नाही. ‘नि’ आमचा घरचा, निनावी, निकामी, निलाजरा. आणि ‘अ’ला तर मराठी माणसाने अशा जागी नेऊन बसवले की नकाराचे स्तोत्र व्हावे: अफाट, अथांग, अलोट, अमाप, अजोड, अवीट. कौतुक करायचे म्हणजे मोजमाप नाकारायचे, ही आमची रीत. पंढरीच्या वारकऱ्याच्या ओठावरच्या रचनेला ‘अभंग’ म्हणतात हेही त्याच रीतीला धरून आहे.

या सगळ्यांत मला अधिक विचार करायला लावणारा उपसर्ग ‘गैर’ हा होय. अरबीत त्याचा मूळ अर्थ ‘दुसरा’, ‘इतर’ एवढाच. म्हणजे नञ्च्या सहा अर्थांपैकी निव्वळ अन्यत्व. पण मराठीत येता येता तो ‘अयोग्य’ झाला. ‘त्यात गैर काय आहे?’ असे आपण विचारतो तेव्हा ‘दुसरे काय आहे’ असे विचारत नाही. गैरसमज म्हणजे समजाचा अभाव नव्हे, चुकीची समजूत. गैरवर्तन, गैरव्यवहार, गैरफायदा, सगळे वाईटच. जे आपल्याहून निराळे ते वाईट, ही मनुष्यस्वभावातली खोड एका उपसर्गाच्या प्रवासात इतकी स्पष्ट उमटलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. त्याउलट जिथे निखळ अन्यत्वच सांगायचे होते तिथे आमच्या आधीच्या पिढ्यांनी उपसर्ग टाळून ‘इतर’ हा शब्द मागे जोडला: ब्राह्मणेतर चळवळ, शिक्षकेतर कर्मचारी. ‘नॉन’ या इंग्रजी उपसर्गाला याहून नेमका पर्याय नाही, आणि तो कोणाला कमी लेखत नाही.

आता आजची स्थिती पाहावी. पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन जाणाऱ्याला ‘अदखलपात्र’ हा शब्द भेटतो, आणि गुन्हा अधिक गंभीर असला तर ‘अजामीनपात्र’. संस्कृत ‘अ’, मधे अरबी ‘दखल’ किंवा ‘जामीन’ आणि शेवटी पुन्हा संस्कृत ‘पात्र’, अशी ही तीन खणांची पेटी भाषिक सलोख्याचा नमुना म्हणून छान आहे. पण तो ‘अ’ नेमका कोणाला चिकटला आहे, दखलीला की पात्रतेला, हे सामान्य माणसाला उलगडत नाही, म्हणून तो नाद सोडून ‘एनसी’ म्हणून मोकळा होतो. जमिनीच्या कागदात ‘अकृषिक’ लिहिलेले असते. शेतकऱ्याच्या तोंडी पूर्वी ‘बिनशेती’ होते, आता बाळकुमापासून पार टिटवाळ्यापर्यंत सगळे ‘एनए’ म्हणतात. ‘ना हरकत दाखला’ हा किती चोख शब्द! हरकत नाही म्हणजे संमती दिली असे नव्हे, केवळ आड येणार नाही, हा कायद्यातला बारकावा त्यात जसाच्या तसा आहे. त्याची ‘एनओसी’ झाली आणि लोक तिलाच परवानगी समजू लागले. सात-बाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ही अक्षरे दिसली की नव्या पिढीतला वारस आपल्या बापाला कोणी अडाणी म्हटले अशा समजुतीने बिथरतो. तिथे अज्ञान म्हणजे वयात न आलेला, म्हणजे अल्पता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

खाण्याच्या गोष्टीत तर नकाराने उलटीच बाजू घेतली आहे. बाळकुम, कोलशेत, काल्हेर, कशेळी ही उल्हास नदीच्या खाडीला लागून असलेली आगरी-कोळ्यांची गावे. निवटी, बोईट, चिंबोरी, कोलंबी हे इथले रोजचे जेवण. त्या जेवणाला कोकणपट्टीत ‘वशाट’ असा स्वतःचा, होकारी शब्द आहे. आता याच नाक्यावरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर त्याला ‘नॉनव्हेज’ म्हटलेले दिसते, म्हणजे भाजी हे खरे जेवण आणि मासळी ही भाजी नसलेली कोणती तरी वस्तू. संस्कृतची दृष्टी याच्या नेमकी उलट होती: मांस ते ‘आमिष’, आणि जो ते खात नाही तो ‘निरामिष’; नकार शाकाहाऱ्याच्या वाट्याला. मराठीत आमिषाचा आता एवढाच अर्थ उरला आहे की ज्यादा व्याजाचे ते दाखवून लोकांना फसवतात आणि दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते. मी स्वतः निरामिष आहे, पण शेजाऱ्याच्या ताटाला आपल्या ताटाचा अभाव म्हणणे मला असभ्य वाटते.

नकार नेहमी कडूच असतो असेही नाही. २०२० च्या जून महिन्यात बाळकुम-साकेत इथे महापालिकेने १,०२४ खाटांचे कोविड रुग्णालय उभारले, तेव्हा या भागातल्या माणसांना ‘निगेटिव्ह’ या शब्दाइतका गोड शब्द ठाऊक नव्हता. ‘असिम्प्टोमॅटिक’ हा ग्रीक ‘अ’ही तेव्हाच घरोघर आला. खरे पाहता ‘आरोग्य’ हा शब्दच ‘अरोग’पासून झालेला, रोगाच्या नकारातून. ज्याला काही झालेले नाही तो निरोगी, एवढीच त्या शब्दातली प्रकृतीची व्याख्या, आणि त्या वर्षी ती पुरेशी वाटली.

हे सगळे लिहिण्याचे निमित्त टँकर असला तरी ज्या एका शब्दासाठी मी लेखणी उचलली तो दुसराच आहे. तो शब्द ‘अनधिकृत’. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाण्याची महानगरपालिका झाली. तेव्हापासून आजवर ठाणे, कल्याण, डोंबिवली, दिवा, मुंब्रा या पट्ट्यात हा शब्द वर्तमानपत्रांत जितका छापला गेला तितका क्वचितच दुसरा छापला गेला असेल. कानाला तो किती सौम्य लागतो! जणू एखादा अर्ज राहून गेला आहे, एखादा शिक्का पडायचा आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असतानाच एक इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. दुसऱ्या दिवशी त्या इमारतीचे वर्णनही ‘अनधिकृत’ असेच झाले, आणि कोणाच्या तरी घराच्या गच्चीवर पत्रे टाकले तर तेही अनधिकृतच असतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारती पाडण्याविषयी आदेश दिला. त्या इमारती परवानगीवाचून उभ्या राहिल्या एवढेच त्यांचे लक्षण नव्हते. खोटे परवाने तयार करून त्यांच्या जोरावर महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची नोंदणीसुद्धा मिळवलेली होती, आणि ती नोंदणी पाहूनच लोकांनी आयुष्यभराची पुंजी तिथे ओतली. त्यांनाही आपण अनधिकृत म्हणतो. आता वैयाकरणांचे सहा अर्थ इथे लावून पाहावेत. परवानगी मुळीच घेतली नाही, हा अभाव. परवानगीसारखा कागद आहे पण ती परवानगी नव्हे, हे सादृश्य, आणि गरीब ग्राहकाला बुडवणारा नकार हाच, कारण तो होकाराचा वेष घेऊन येतो. परवानगी एका नकाशाची आणि बांधले दुसरेच, हे अन्यत्व. चार मजल्यांची मंजुरी असून सात चढवले, तर मंजुरीची अल्पता. शाळेसाठी किंवा मैदानासाठी राखून ठेवलेल्या भूखंडावर, नाल्यात, कांदळवनात बांधले, तर तो विरोध; तिथे परवानगी मिळणेच शक्य नव्हते. निकृष्ट सिमेंटवाळूने बांधलेली इमारत कागदोपत्री चोख असली तरी इमारत म्हणण्याच्या लायकीची नसते, ती अप्रशस्तता. सहाही ‘नाही’ आपल्या डोळ्यांदेखत चाळीचाळीने उभे आहेत, आणि त्या सहांना मिळून आपल्याजवळ एकच गुळगुळीत शब्द आहे.

या गुळगुळीतपणाचा फायदा कोणाला होतो हे सांगायला नको. ज्या शब्दात दोष कोणता ते कळत नाही, त्यात दोषी कोण तेही कळत नाही. २०१७ मध्ये राज्याने प्रादेशिक व नगररचना अधिनियमात दुरुस्ती केली आणि ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही बांधकामे ठरावीक अटींवर व दंड भरून घेऊन कायम ठेवण्याची सोय केली. त्या क्रियेला कागदोपत्री ‘प्रशमन’ म्हणतात. प्रशमन म्हणजे शांत करणे. काय शांत झाले, कोण शांत झाले, हे त्या शब्दातूनही उमगत नाही, पण जनतेच्या भाषेत ‘नियमित झाली’ असे म्हणतात आणि सगळे विसरतात. माझा कायद्याला विरोध नाही. हजारो कुटुंबे रस्त्यावर काढणे हा उपाय नव्हे, हे मलाही कळते. माझा विरोध आहे तो अशा शब्दाला, जो फसवणाऱ्या बिल्डरला आणि फसलेल्या रहिवाशाला एकाच खोलीत बसवतो.

आणि मराठीत शब्दांची वाण नाही. परवाना घेतलेलाच नसेल तर ‘विनापरवाना’. कागद खोटे असतील तर ‘बनावट परवान्याची’. मंजुरीपेक्षा मजले अधिक असतील तर ‘मंजुरीबाहेरची’. राखीव जागेवर असेल तर सरळ ‘बेकायदा’, आणि कृपा करून ‘बेकायदेशीर’ लिहू नये. ‘शीर’ हा नसलेल्या कायद्याला लावलेला फेटा आहे. राहण्यास घातक असेल तर ‘धोकादायक’, जो शब्द पालिका दर पावसाळ्याआधी वापरतेच. शब्दाने काय होते, असे विचारणाऱ्यांनी विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांना विचारावे. त्यांच्या शाळांच्या ‘कायम विनाअनुदानित’ या वर्णनातला ‘कायम’ हा एक शब्द २००९ मध्ये वगळला गेला, तेवढ्यासाठी त्यांनी किती वर्षे आझाद मैदान गाठले होते.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांना माझी विनंती एवढीच आहे की अशा इमारतींच्या दारावर जी पाटी लावायची, प्रसिद्धीपत्रकात जी यादी द्यायची, तीत ‘अनधिकृत’ हा मोघम शब्द न लिहिता दोष कोणत्या प्रकारचा आहे तो मराठीत लिहावा. यादीत एक रकाना वाढेल, बाकी काही नाही. आणि जे या भागात घर घ्यायला निघाले आहेत त्यांनी विक्रेत्याच्या कचेरीत एनए, एनओसी, सीसी, ओसी ही अक्षरे ऐकून मान डोलवू नये. प्रत्येक अक्षराचे मराठी विचारावे, प्रत्येक कागदाचा क्रमांक उतरवून घेऊन तो ज्या कचेरीचा असेल तिथे जाऊन पडताळावा, आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे की नाही या प्रश्नाला ‘प्रोसेसमध्ये आहे’ असे उत्तर आले तर ते ‘नाही’ असे समजावे.